दार बदलू की नको?

तुम्ही टीव्हीवरच्या एका खेळात भाग घेतला आहे. समोर तीन बंद दारं. एका दारामागे कोरी गाडी, उरलेल्या दोन दारांमागे एकेक बकरी. तुम्ही एक दार निवडता, समजा पहिलं. ते अजून उघडलेलं नाही. कुठल्या दारामागे काय आहे हे सूत्रधाराला माहीत आहे. उरलेल्या दोन दारांपैकी एक, समजा तिसरं, तो उघडतो. आत बकरी. मग तो तुमच्याकडे वळून विचारतो, “पहिल्याच दारावर ठाम आहात, की दुसरं घेता?”

दार बदलण्यात फायदा आहे का?

पुढे वाचण्याआधी उत्तर मनात पक्कं करा. मी हे कोडं इंजिनिअर मित्रांना घातलंय, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांना घातलंय, रेल्वेत शेजारी बसलेल्या अनोळखी माणसालाही घातलंय. बहुतेकांचं उत्तर एकच येतं, आणि तेही दोन सेकंदांत: “दोन दारं उरली ना? मग फिफ्टी-फिफ्टी. बदललं काय, नाही बदललं काय, सारखंच.”

बरोबर उत्तर असं: दार बदलावं. बदललं तर गाडी मिळण्याची शक्यता दोन तृतीयांश, नाही बदललं तर एक तृतीयांश. म्हणजे सरळ दुप्पट.

हे वाचून तुम्हाला चीड आली असेल, तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात. या एका उत्तरावरून तीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत मोठा गदारोळ झाला. प्राध्यापकांनी एका बाईला जाहीरपणे अडाणी ठरवलं, विसाव्या शतकातला एक महान गणितज्ञ वैतागून बसला, आणि शेवटी कबुतरांनीही या वादात आपलं मत नोंदवलं. त्याचीच ही गोष्ट.

रविवारची पुरवणी

९ सप्टेंबर १९९०, रविवार. अमेरिकेतल्या शेकडो वर्तमानपत्रांबरोबर ‘परेड’ नावाची पुरवणी वाटली जायची. तिच्यात ‘आस्क मेरिलिन’ नावाचं सदर होतं. वाचकांनी काहीही विचारावं आणि मेरिलिन व्हॉस सव्हांट यांनी उत्तर द्यावं, असा मामला. आडनाव आपल्या कानाला ‘सावंत’ असंच ऐकू येतं, पण कोकणाशी काही संबंध नाही. ते त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव. फ्रेंचमध्ये त्या शब्दाचा अर्थ ‘विद्वान’, हा योगायोगच. १९८०च्या दशकात ‘जगातला सर्वांत जास्त आयक्यू’ म्हणून त्यांची गिनेस बुकात नोंद झाली, आणि त्या प्रसिद्धीतूनच हे सदर आलं.

त्या रविवारी मेरिलँड राज्यातल्या एका वाचकाने वरचं कोडं विचारलं होतं. मेरिलिनबाईंचं उत्तर अगदी थोडक्यात होतं: हो, बदला. पहिल्या दाराची शक्यता एक तृतीयांश, दुसऱ्याची दोन तृतीयांश. पटावं म्हणून त्यांनी एक उदाहरण जोडलं: समजा दहा लाख दारं आहेत. तुम्ही पहिलं निवडलं. सगळं माहीत असलेल्या सूत्रधाराने उरलेल्यांपैकी एकच दार सोडून बाकीची सगळी उघडून दाखवली. ते सोडलेलं दार आहे क्रमांक ७,७७,७७७. आता काय कराल? पळतच तिकडे जाल की नाही?

मग पत्रं यायला लागली. एकूण सुमारे दहा हजार. त्यांपैकी जवळपास एक हजार पत्रांखाली पीएचडी ही पदवी लिहिलेली होती. सामान्य वाचकांच्या पत्रांपैकी ९२ टक्के आपल्या उत्तराच्या विरोधात आहेत आणि विद्यापीठांतून आलेल्या पत्रांपैकी ६५ टक्के, असं त्यांनी स्वतःच सदरात छापलं.

पत्रांचा सूर बघण्यासारखा होता. या देशात गणिताचं अज्ञान आधीच भरपूर आहे, त्यात सर्वांत जास्त आयक्यूवाल्या बाईने भर घालू नये, असं एका विद्यापीठातून कळवण्यात आलं. पुढच्या वेळी असा प्रश्न आला तर आधी संभाव्यतेचं एखादं पाठ्यपुस्तक उघडा, असा सल्ला दुसऱ्याने दिला. बायका गणिताकडे पुरुषांपेक्षा वेगळ्या नजरेने बघत असाव्यात, असं एकाने लिहिलं. एकाने तर या खेळातली बकरी तुम्हीच, असं सांगून टाकलं. ही टोपणनावांची गर्दी नव्हती. लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह लिहिणारे लोक होते. आज एखादीने अशी पोस्ट टाकली तर खाली काय होईल, हे आपण सहज ओळखतो. १९९० साली त्यासाठी पाकीट आणि तिकीट लागायचं, एवढाच फरक. तरीही दहा हजार जणांनी तेवढी तसदी घेतली.

मग दोन तृतीयांश कुठून आलं?

गणित फारसं नाही. बोटांवर मोजू.

तुम्ही नेहमी पहिलं दार निवडता असं धरा. गाडी तीनपैकी कुठेही असू शकते, तिन्ही शक्यता सारख्या. गाडी पहिल्या दारामागे असेल, तर सूत्रधार दुसरं किंवा तिसरं कुठलंही उघडेल आणि दार बदललं तर तुम्ही हराल. गाडी दुसऱ्यामागे असेल, तर त्याला तिसरंच उघडावं लागेल, दुसरा मार्गच नाही. बदललं तर जिंकाल. गाडी तिसऱ्यामागे असेल, तर त्याला दुसरंच उघडावं लागेल. बदललं तर पुन्हा जिंकाल. तीनपैकी दोन वेळा बदलणारा जिंकतो. संपलं.

दुसऱ्या बाजूने बघा. पहिली निवड चुकण्याची शक्यता दोन तृतीयांश आहे, हे तर सगळ्यांनाच मान्य आहे. पहिली निवड चुकली असेल, तर बदलणारा हमखास जिंकतो, कारण दुसरी बकरी सूत्रधारानेच बाजूला काढून ठेवली आहे. म्हणजे ‘बदलून जिंकणं’ आणि ‘पहिल्यांदा चुकणं’ या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत.

मग डोकं फिफ्टी-फिफ्टी का म्हणतं? कारण आपल्याला दोन पर्याय दिसले की ते समान वाटतात. पण ‘दोन शक्यता’ म्हणजे ‘दोन सारख्या शक्यता’ नव्हेत. उद्या सूर्य उगवेल किंवा नाही उगवणार, याही दोनच शक्यता आहेत. इथे उरलेली दोन दारं सारख्या वाटेने इथवर आलेली नाहीत. तुमचं दार तुम्ही डोळे झाकून निवडलं. दुसरं दार, सगळं माहीत असलेल्या माणसाने न उघडता ठेवलं.

हे मला सगळ्यात झटकन समजावलं ते माझ्या आत्याने. तिचं शिक्षण जुन्या अकरावीपर्यंत, पण मेंढीकोटात तिच्यासमोर कुणाचा निभाव लागत नाही. कोडं ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, “त्याला ठाऊक होतं ना कुठे काय आहे ते?” मी म्हटलं, “हो आत्या.” ती म्हणाली, “मग त्याने कुठलं दार उघडलं ते कशाला बघतोस? कुठलं नाही उघडलं ते बघ.” पत्त्यांत समोरच्याने काय टाकलं याच्याइतकंच, त्याला टाकता येत असूनही काय टाकलं नाही, हेही बघायचं असतं. ब्रिज खेळणाऱ्यांकडे या विचाराला ‘रिस्ट्रिक्टेड चॉइस’ असं नाव आहे, आणि तो नियम ब्रिजच्या पुस्तकांत १९५०च्या दशकापासून आहे. आत्याने ती पुस्तकं पाहिलेली नाहीत.

कोड्याचं घराणं

मेरिलिनबाईंना पत्र लिहून शिकवणाऱ्या विद्वानांनी आपल्याच विषयाचा इतिहास थोडा चाळला असता, तर टपालखर्च वाचला असता. कारण कोडं नवं नव्हतं.

फ्रेंच गणितज्ञ जोसेफ बेर्त्राँ यांनी १८८९ साली संभाव्यतेवर पुस्तक लिहिलं. त्यात तीन पेट्या आहेत. एकीत दोन सोन्याची नाणी, दुसरीत दोन चांदीची, तिसरीत एक सोन्याचं आणि एक चांदीचं. डोळे मिटून एक पेटी निवडा, त्यातलं एक नाणं काढा. ते सोन्याचं निघालं. आता त्याच पेटीतलं दुसरं नाणंही सोन्याचं असण्याची शक्यता किती? मन म्हणतं, चांदी-चांदीची पेटी बाद झाली, दोन उरल्या, म्हणजे अर्धी. उत्तर आहे दोन तृतीयांश. हातात आलेलं नाणं एकूण तीन सोन्याच्या नाण्यांपैकी कुठलंही असू शकतं, आणि त्या तिघांपैकी दोघांचा जोडीदार सोन्याचाच आहे. नाण्यांच्या जागी दारं ठेवा, तेच कोडं.

पुढचं रूप अधिक भीषण आहे. ऑक्टोबर १९५९मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या गणिती सदरात तीन कैद्यांचं कोडं दिलं. अ, ब आणि क या तिघांना फाशी झाली आहे. गव्हर्नरने चिठ्ठी टाकून एकाला माफी दिली आहे, पण कुणाला ते फक्त जेलरला ठाऊक आहे. अ जेलरला गळ घालतो, “माझं सांगू नका. पण ब आणि क यांच्यातला एक तर मरणारच आहे. त्याचं नाव सांगा. दोघंही मरणार असतील, तर नाणं उडवून कुणाचं तरी घ्या.” जेलर विचार करतो आणि सांगतो, “ब.” अ खूश होतो. आता मी आणि क असे दोघंच उरलो, म्हणजे माझी वाचण्याची शक्यता तीनात एकवरून दोनात एक झाली!

नाही झाली. अ ची शक्यता तीनात एकच राहिली. क ची मात्र दुप्पट झाली. जेलरने ब किंवा क यांच्यापैकी कुणाचं तरी नाव घेणारच होतं, त्यातून अ ला स्वतःबद्दल काहीच कळलेलं नाही. पण क चं नाव टाळलं गेलं, ही क बद्दलची बातमी आहे. गाडी आणि बकरीच्या गमतीत जे लपून जातं, ते इथे उघडं पडतं. आपल्याबद्दल काहीच कळलेलं नसताना, काहीतरी चांगलं कळलं असं वाटून माणूस सुखावतो.

आणि मग १९७५. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथले संख्याशास्त्रज्ञ स्टीव्ह सेल्व्हिन यांनी ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकाला एक पत्र लिहिलं. त्यांच्या कोड्यात तीन खोके होते, एकात लिंकन कॉन्टिनेंटल गाडीची किल्ली. सूत्रधार एक रिकामा खोका उघडून दाखवतो आणि स्पर्धकाच्या खोक्यासाठी रोख रक्कम देऊ करतो. स्पर्धक पैसे नाकारतो आणि म्हणतो, माझा खोका घ्या, टेबलावरचा तो उरलेला मला द्या. सूत्रधार चक्रावतो. सेल्व्हिन यांनी शेवटी तक्ता मांडून दाखवलं की स्पर्धकाचं बरोबर आहे. त्यांनाही पत्रं आली, तुमचं उत्तर चूक आहे म्हणून. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना पुन्हा लिहून खुलासा करावा लागला, आणि त्या खुलाशाच्या मथळ्यात पहिल्यांदा ‘माँटी हॉल प्रॉब्लेम’ हे नाव छापलं गेलं.

म्हणजे १९९० साली मेरिलिनबाईंवर तुटून पडलेल्या संख्याशास्त्रज्ञांच्या स्वतःच्या व्यवसायाच्या नियतकालिकात हे उत्तर पंधरा वर्षांपूर्वीच छापून आलेलं होतं. तेव्हा ते एका प्राध्यापकाने संख्याशास्त्रज्ञांच्या वर्तुळात मांडलं होतं, शंका घेणारेही मोजके होते. तेच उत्तर रविवारच्या पुरवणीत एका बाईने दिलं, तेव्हा त्याचा देशभर तमाशा झाला. वाचक कोट्यवधी असल्यामुळे पत्रंही जास्त येणार, हे मान्य. पण त्या पत्रांमधली भाषा नुसत्या वाचकसंख्येने समजावता येत नाही.

खरा माँटी

माँटी हॉल हे खरेखुरे गृहस्थ. १९२१ साली कॅनडातल्या विनिपेगमध्ये जन्मले, २०१७ साली वारले. ‘लेट्स मेक अ डील’ हा त्यांचा खेळ अमेरिकेत डिसेंबर १९६३मध्ये सुरू झाला. भन्नाट पोशाख करून आलेले लोक, पडद्यामागची बक्षिसं, आणि मधूनमधून फजितीचं बक्षीस म्हणून एखादा प्राणी. आपल्याकडे २००१मध्ये ‘स्टार प्लस’वर अमन वर्मा जो ‘खुल जा सिम सिम’ सादर करायचे, ती याच खेळाची हिंदी आवृत्ती. तुमचा जन्म त्यानंतरचा असेल तर घरात ताईला किंवा दादाला विचारा, त्यांना आठवत असेल.

गंमत म्हणजे प्रत्यक्षातला खेळ कोड्यासारखा नव्हताच. सेल्व्हिन यांचं पत्र वाचून हॉल यांनी त्यांना उत्तर लिहिलं. त्यात त्यांनी मिश्कीलपणे बजावलं की माझ्या खेळात एक खोका उघडल्यावर खोका बदलायची मुभाच नसते. आणि रिकामा खोका दाखवल्यावरही स्पर्धकाची शक्यता होती तेवढीच, तीनात एकच राहते, हेही त्यांनी लिहिलं होतं. संख्याशास्त्र न शिकलेल्या माणसाला, रोज स्पर्धकांचे चेहरे वाचून, जे उमगलं होतं ते हजारभर पीएचडींना उमगलं नव्हतं.

वाद शिगेला असताना, २१ जुलै १९९१ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर या कोड्याची बातमी छापली. वार्ताहर जॉन टिअर्नी हॉल यांच्या बेव्हर्ली हिल्समधल्या घरी गेले आणि दोघं जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची छोटी दारं मांडून खेळले. हॉल यांनी सांगितलं की एक दार उघडलं की स्पर्धकांना आपली शक्यता दोनात एक झाल्यासारखी वाटायची, आणि मग कितीही पैसे देऊ केले तरी ते आपलं दार सोडायला तयार नसायचे. मग त्यांनी खेळ आपल्या पद्धतीने खेळून दाखवला. टिअर्नींनी चुकीचं दार निवडलं, की हॉल सरळ तेच उघडत: घ्या, बकरी! बदलण्याची संधी देत ती फक्त बरोबर दार निवडलं असेल तेव्हाच, वर पैशाचं आमिष. असा सूत्रधार समोर असेल, तर बदलणारा दर वेळी हरणार.

हा मुद्दा महत्त्वाचा आहे. दोन तृतीयांश हे उत्तर दारांमधून येत नाही, ते सूत्रधाराच्या नियमातून येतं. तो नेहमी दुसरं दार उघडतो, नेहमी बकरीच दाखवतो आणि नेहमी बदलण्याची संधी देतो, हे धरलं तरच. हेच दार सूत्रधाराने काही माहीत नसताना, धडपडून चुकून उघडलं आणि निव्वळ नशिबाने आत बकरी निघाली, तर शक्यता खरोखरच निम्मी-निम्मी होते. डोळ्यांना दिसणारं दृश्य तेच: दोन बंद दारं आणि एक बकरी. उत्तर मात्र वेगळं.

आपल्या ओळखीचं उदाहरण घ्या. ‘कौन बनेगा करोडपती’मधली फिफ्टी-फिफ्टी. समजा उत्तराचा काहीच अंदाज नाही, तुम्ही मनातल्या मनात ‘अ’ ठरवलं आणि मग फिफ्टी-फिफ्टी घेतली. दोन चुकीचे पर्याय उडाले, ‘अ’ आणि ‘क’ उरले. आता ‘क’वर उडी मारावी का? नाही, काही फायदा नाही. तुमच्या मनात काय आहे हे संगणकाला ठाऊक नाही. त्याने चुकीच्या तीनपैकी कुठलेही दोन काढले असतील, तर ‘अ’ चुकीचा असताना तोही उडू शकला असता. तो टिकला, ही ‘अ’च्या बाजूची बातमी आहे, आणि हिशेब केला तर दोन्ही पर्याय बरोबर समान उतरतात. माँटीच्या खेळात तुमचं दार उघडलंच जाणार नव्हतं, म्हणून ते बंद राहिलं याला काही किंमत नाही. ‘अ’ला उडण्याचा धोका होता, म्हणून त्याच्या टिकण्याला किंमत आहे.

शाळेतली मुलं, एर्डोश आणि कबुतरं

मेरिलिनबाई मागे हटल्या नाहीत. त्यांनी पुढच्या सदरांमध्ये तक्ते दिले आणि शेवटी देशभरातल्या गणिताच्या वर्गांना आवाहन केलं: वाद कशाला, करून बघा. तीन कप आणि एक नाणं घ्या, एकाने सूत्रधार व्हावं, न बदलता भरपूर डाव खेळा, मग बदलून तेवढेच खेळा आणि नोंदी ठेवा. शाळाशाळांतून मुलांनी खेळ मांडला आणि निकालांची पत्रं यायला लागली. बदलणारे साधारण दुप्पट वेळा जिंकत होते. मोठ्या माणसांचं भांडण चौथी-पाचवीच्या मुलांनी मोजून मिटवलं. हवं तर आज रात्री जेवणं झाल्यावर तीन वाट्या आणि एक शेंगदाणा घेऊन बसा. तीसेक डावांत अंदाज येईल.

तरीही काहींना ते पचलं नाही. पॉल एर्डोश हे हंगेरीचे गणितज्ञ. घरदार नाही, एक बॅग घेऊन देशोदेशी फिरायचं आणि मित्रांच्या घरी राहून गणित करायचं, असं आयुष्य जगलेला माणूस. नावावर सुमारे दीड हजार शोधनिबंध, आणि संभाव्यता हे हातातलं हत्यार. १९९५मध्ये त्यांचे जुने मित्र अँड्र्यू व्हाझोनी यांनी त्यांना हे कोडं घातलं. एर्डोश म्हणाले, काही फरक पडणार नाही. व्हाझोनींनी आकृती काढून समजावलं, पटलं नाही. शेवटी संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला. आकडे समोर आल्यावर एर्डोश यांनी नाइलाजाने मान्य केलं, पण वैताग गेला नाही. असं होतं हे दिसतंय, पण का होतं ते कुणी सांगत नाही, ही त्यांची तक्रार. काही दिवसांनी त्यांचे मित्र रॉन ग्रॅहम यांनी सूत्रधाराच्या नियमावर बोट ठेवून समजावलं, तेव्हा कुठे समाधान झालं.

२०१०मध्ये अमेरिकेतल्या व्हिटमन कॉलेजमधल्या वॉल्टर हर्ब्रॅन्सन आणि ज्युलिया श्रोडर यांनी हाच खेळ कबुतरांना खेळवला. दारांच्या जागी प्रकाशणारी बटणं, गाडीच्या जागी दाणे. पहिल्या दिवशी कबुतरं साधारण ३६ टक्के वेळा बदलत होती. तिसाव्या दिवशी ९६ टक्के. त्याच धर्तीवर विद्यार्थ्यांना शेकडो डाव खेळवले, तर ते शेवटपर्यंत दोन तृतीयांश वेळांच्या आसपासच बदलत राहिले. कबुतराला सिद्धान्त नसतो. कुठे टोचलं की दाणा मिळतो, एवढंच ते लक्षात ठेवतं. माणूस मात्र ‘दोन दारं म्हणजे निम्मं-निम्मं’ हा सिद्धान्त छातीशी धरून बसतो.

आणि सिद्धान्ताखाली भीतीही असते. १९९५मध्ये डोनाल्ड ग्रॅनबर्ग आणि थॅड ब्राउन यांनी लोकांना हा खेळ एकदाच खेळायला दिला, तेव्हा शंभरातल्या जेमतेम तेरा जणांनी दार बदललं. बदललं तरी सारखंच, असं वाटत होतं तर निम्म्यांनी सहज बदलायला हवं होतं. पण बदलून हरलो तर जास्त जिव्हारी लागेल, असं माणसाला वाटतं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, ही शिकवण आपल्याला लहानपणापासून मिळते, आणि पुष्कळदा ती कामाचीही असते. फक्त या खेळात जे हातचं वाटतं, ते कधी हातात आलेलंच नसतं.

दार कोण उघडतंय?

हे कोडं आता सगळीकडे आहे. ‘२१’ या २००८च्या सिनेमात ते वर्गात विचारलं जातं, ‘ब्रुकलिन नाइन-नाइन’मध्ये कॅप्टन होल्ट त्यावरून नवऱ्याशी भांडतो. उत्तर पाठ असलेले पुष्कळ भेटतात. “बदलायचं असतं,” असं ते सांगतात. पण नुसतं उत्तर पाठ करून फारसा उपयोग नाही, कारण सूत्रधार बदलला की उत्तर बदलतं. माझ्यासाठी या इतिहासातून उरतो तो प्रश्न: दार कोण उघडतंय, आणि त्याला काय माहीत आहे?

पुण्यात पेठांमधून फिरताना स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे बोर्ड दिसतात. यशस्वी मुलांचे हसरे फोटो, खाली पदं. ती माहिती खरीच असते. पण ते दार उघडणाऱ्याला बाकीच्या सगळ्या दारांमागे काय आहे हे ठाऊक असतं, आणि कुठलं उघडायचं हे तोच ठरवतो. वर्षानुवर्षं खोली करून राहिलेली, मेसचा डबा खाऊन परीक्षा देणारी मुलं त्या बोर्डावर नसतात. रस्त्यात अवचित भेटलेल्या दहा माजी विद्यार्थ्यांनी सांगितलेली हकिगत आणि क्लासने निवडून दाखवलेले दहा फोटो, यांचं वजन सारखं नसतं. फॉरवर्ड, जाहिरात, रील, भाषण, सगळ्याला हाच प्रश्न लावून बघता येतो.

आणखी एक गोष्ट. मेरिलिनबाई बरोबर होत्या, त्या त्यांच्या आयक्यूमुळे नव्हे. १९९३मध्ये त्यांनी फर्माच्या शेवटच्या प्रमेयावर एक पुस्तक लिहिलं आणि अँड्र्यू वाइल्स यांच्या सिद्धतेवर शंका घेतली. गणितज्ञांनी त्यावर कडक टीका केली, आणि या वेळी गणितज्ञांचं बरोबर होतं. बाई त्याच, आयक्यूही तोच. १९९०मध्ये त्यांच्या बाजूने उभा होता तो तीन ओळींचा युक्तिवाद, आणि तो कुणीही कागदावर तपासून बघू शकत होतं. पत्र लिहिणाऱ्या हजारभर पीएचडींनी त्याऐवजी लिहिणारीकडे बघितलं.

सगळ्यांनी नाही. त्यांच्यावर सुरुवातीला तिखट टीका करणाऱ्या एका प्राध्यापकाने नंतर पत्र पाठवून माफी मागितली. आपण तोंडघशी पडलो हे त्यांनी मोकळेपणाने लिहिलं. आता त्यांना उलट झापणारी पत्रं येत होती, आणि प्रायश्चित्त म्हणून त्या प्रत्येक पत्राला उत्तर द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. हजार सह्यांच्या त्या ढिगाऱ्यात मला हे पत्र सगळ्यात जास्त आवडतं. या माणसाने दार बदललं होतं.